नील बेटावर डबा कुठे उघडायचा: नागपूरकर कुटुंबांसाठी किनाऱ्यांचं परीक्षण

अंदमानच्या सहा-सात दिवसांच्या पॅकेजमध्ये नील बेटाच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते: सकाळी बोटीने नील, भरतपूर बीच, नॅचरल ब्रिज, दुपारी परत. धंतोलीतल्या ऑफिसात असो की व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफमध्ये, ही ओळ दिसली की तिथेच थांबा आणि एजंटला दोन रात्रींचा भाव विचारा. एका दिवसात नील बघून होतं, पण तिथे बसून होत नाही. आणि सहलीची जागा म्हणून या बेटाची जी काही किंमत आहे ती बसण्यात आहे. शिवाय कोणत्या किनाऱ्यावर कधी बसायचं हे एजंट ठरवत नाही, हॉटेलवाला ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. एकदिवसाच्या पाहुण्याला जे पाणी मिळेल ते घ्यावं लागतं.

आधी थोडी ओळख. नीलचं सरकारी नाव डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे. त्याच वेळी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. बोलताना मात्र सगळे नील आणि हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रातून जेमतेम चाळीस किलोमीटर. क्षेत्रफळ चौदा चौरस किलोमीटरच्या आत, वस्ती सुमारे तीन हजार. जेट्टीपासून सीतापूरच्या टोकापर्यंतचं अंतर बर्डीहून सोनेगाव विमानतळाला जाण्यापेक्षा कमी भरेल. भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर ही गावांची नावं रामायणातून आलेली, आणि बाजाराचं गाव म्हणजे नील केंद्र. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकात इथे वसवलं गेलं. त्यामुळे बेटाच्या मधल्या भागात भातशेती, भाजीचे मळे, केळी आणि सुपारी दिसते, आणि खानावळीत मासे-भात. अंदमानच्या बाजारात नीलची भाजी नावाजलेली आहे.

नागपूरकरांचं पहिलं गणित चुकतं ते घड्याळाचं. नील साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूर ७९ वर. चौदा अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे ५६ मिनिटं, पण दोन्हीकडचं घड्याळ एकच. डिसेंबरात नागपुरात पावणेसातला उजाडतं, नीलला साडेपाचच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो. संध्याकाळी पाचच्या आसपास तो बुडतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत मिट्ट काळोख. मे महिन्यात पाचच्या आधीच सूर्योदय होतो आणि साडेपाच-पावणेसहाला सूर्यास्त. आपल्याकडे सहलीला 'आरामात नाश्ता करून दहाला निघू' ही जी पद्धत आहे, ती इथे दिवसाचे चांगले चार तास खाते. दहाला निघालेला माणूस साडेदहाला डोक्यावरचं ऊन घेऊन किनाऱ्यावर पोचतो. सकाळी सहा ते साडेनऊ आणि दुपारी तीन ते अंधार, हे इथले सहलीचे तास. मधला वेळ जेवण आणि झोप यांचा.

दुसरं गणित पाण्याचं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी नऊला ओहोटी असेल तर उद्या दहाला दहा मिनिटं कमी, आणि आठवड्यानंतर सकाळी नऊला बरोबर उलटं, भरतीचं पाणी. म्हणून मागच्या आठवड्यात जाऊन आलेल्या मावसभावाचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलला की सगळे किनारे चुकीच्या वेळी पदरात पडतात. दोन आठवड्यांपूर्वी जाऊन आलेल्याचा मात्र बऱ्यापैकी जुळतो.

घरातली दिनदर्शिका इथे कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं: भरती जास्त वर चढते, ओहोटी जास्त मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी, म्हणजे पाण्यातला फरक कमी. अंदमानात मोठ्या उधाणालाही पाण्याची चढ-उतार दोन मीटरच्या आसपास असते, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण नीलचे किनारे इतके सपाट आहेत की दोन मीटर पाणी उतरलं की शेकडो पावलांचा प्रवाळाचा खडक उघडा पडतो. नेमक्या वेळांसाठी मोबाइलवर पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक काढा. नीलला तेच पुरतं. सोपा नियम असा: पोहायचं तर भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास, खडकांत हिंडायचं तर ओहोटीच्या अलीकडे दीड तास.

भरतपूर बीच जेट्टीला लागूनच आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं. एकदिवसाचे सगळे पाहुणे इथेच ओतले जातात. लहान मुलं आणि पोहता न येणारी मोठी माणसं यांच्यासाठी बेटावरची सगळ्यात सुरक्षित पाण्याची जागा हीच. उथळ, हिरवट-निळं, लाटा जवळजवळ नाहीत, कारण पुढचा प्रवाळाचा पट्टा लाटा बाहेरच तोडतो. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृह, नारळपाणी, लिंबू-सरबत, गरम जेवणाच्या टपऱ्या, सगळं हाताशी. तरी डबा उघडायला ही जागा आमच्या यादीत तिसरी. दहा ते दोन या वेळात जेट स्कीची घरघर, बोटींचा धूर आणि 'सर, ग्लास बोट? मॅडम, स्नॉर्कलिंग?' यातून जेवण होत नाही. यायचं तर सकाळी सातला या, किंवा दुपारी तीननंतर, जेव्हा परतीच्या बोटीचे प्रवासी जेट्टीकडे पांगलेले असतात. बोटी उभ्या राहतात त्या भागात सतरंजी टाकू नका. किनारा धरून दूरच्या बाजूला पाच-सात मिनिटं चाललं की झाडांच्या कडेला मोकळी सावली मिळते.

मोठ्या ओहोटीला भरतपूर निराशा करतं. पाणी दूर जातं, पायाखाली प्रवाळाचे तुकडे आणि शेवाळ, गुडघाभर पाण्यासाठी लांबवर चालावं लागतं आणि त्या चालण्यात पाय कापतात. 'फोटोत तर असं नव्हतं' म्हणणारी बहुतेक मंडळी ओहोटीला गेलेली असतात.

काचेच्या तळाच्या बोटीबद्दल. ही फेरी वाईट नाही, पण तिला तीन अटी आहेत. ऊन वरून पडलेलं हवं, म्हणजे साधारण नऊ ते बारा. ढगाळ हवेत खाली राखाडी चित्राशिवाय काही दिसत नाही. पाणी पुरेसं चढलेलं हवं, नाहीतर बोट प्रवाळावर जाऊच शकत नाही आणि वाळूवरून फिरवून आणते. आणि बसण्याआधी काच पाहून घ्या. ओरखडे पडलेली, आतून वाफ धरलेली काच असेल तर दुसरी बोट मागा. ज्यांना गुडघ्यांमुळे पाण्यात उतरता येत नाही अशा आजी-आजोबांसाठी ही फेरी पैसे वसूल आहे. ज्यांना उतरता येतं त्यांनी तेच पैसे स्नॉर्कलिंगला लावावेत.

स्नॉर्कलिंगला पोहता यावं लागत नाही. लाइफ जॅकेट आणि ट्यूब घालून गाइड ओढत नेतो. बिघडतं ते मुखवट्यात. पट्टा न लावता मुखवटा चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. गळून पडला तर आत पाणी येणारच. मिशी असलेल्यांच्या मुखवट्यात वरच्या ओठापाशी पाणी झिरपतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावायचं. चष्मा आत चालत नाही. नंबरचा मुखवटा आहे का हे आधी विचारा. फोटो-व्हिडिओ भावात धरलेत की वेगळे, किती मिनिटं पाण्यात, एका गाइडमागे किती माणसं, ही तीन उत्तरं पैसे देण्याआधी घ्या. पोटभर जेवून उतरू नका. आणि प्रवाळावर उभं राहायचं नाही, गाइड म्हणाला तरी नाही. बहुतेक जिवंत प्रवाळ वर्षाला बोटभरही वाढत नाही, आणि एका टाचेने मोडतो.

लक्ष्मणपूर हा सूर्यास्ताचा किनारा, जेट्टीपासून दोनेक किलोमीटर. पांढऱ्या वाळूचा लांबच लांब पट्टा, मागे दाट झाडी. संध्याकाळच्या डब्याला आमचा पहिला नंबर इथे. झाडी आणि वाळू यांच्यात सपाट जागा भरपूर आहे आणि गर्दी सूर्यास्ताच्या टोकाकडे सरकते, त्यामुळे किनाऱ्याच्या मधल्या भागात सुट्टीच्या दिवसातही निवांत बसता येतं. सूर्यास्ताच्या टोकापर्यंत वाळूतून दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. वाळू मऊ आहे, पाय रुततो. वयस्कर मंडळींना अर्ध्या वाटेत बसवलं तरी काही बुडत नाही, आकाश सगळीकडून सारखंच दिसतं. पोहण्याची जागा म्हणून मात्र लक्ष्मणपूर भरतीपुरतंच ठीक. ओहोटीला वाळूखालचा मृत प्रवाळ आणि खडक वर येतात.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे अंधार. नागपुरात सूर्य उशिरा बुडतो, त्या हिशेबाने लोक रेंगाळतात आणि परतीची वाट मोबाइलच्या उजेडात शोधतात. टॉर्च घरूनच घ्या आणि चपला काढल्या ती जागा ध्यानात ठेवा. दुसरी म्हणजे सँडफ्लाय, वाळूतली बारीक माशी. डासासारखा आवाज नाही, चावली तेव्हा कळतही नाही, दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या आणि चार-पाच दिवस खाज. संध्याकाळी आणि ओलसर, पालापाचोळा पडलेल्या वाळूत तिचा त्रास जास्त. पोटऱ्या आणि घोट्यांना खोबरेल तेलाचा जाडसर हात लावला की ती तेलात अडकते; महागड्या मलमापेक्षा हे बरं काम करतं. उघड्या वाळूवर आडवं होऊ नका, खाली चटई घ्या.

नॅचरल ब्रिज, म्हणजे लक्ष्मणपूर क्रमांक दोन, ही सहलीची जागाच नाही. बघायची जागा आहे. प्रवाळाच्या चुनखडीचा खडक लाटांनी खालून कोरत नेला आणि वरची कमान शिल्लक राहिली. बंगाली वस्तीने कौतुकाने तिला हावडा ब्रिज म्हटलं आणि तेच नाव रुळलं. रिक्षा थांबते तिथे लिंबूपाणी, भेळ, फळांच्या टपऱ्या आहेत. तिथून पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेने खाली आणि मग ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकावरून दहा-पंधरा मिनिटं. या खडकावर सावली शून्य, बसायला जागा शून्य, आणि भरती आली की वाट पाण्याखाली. डबा गाडीत राहू द्या.

पण ओहोटीला इथली डबकी चुकवण्यासारखी नाहीत. एकेका डबक्यात समुद्रकाकडी, तारामासे, काटेरी साळिंदरासारखे अर्चिन, निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले, फटीतून डोकावणारी ईल. ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या दीड तास आधी खाली उतरा आणि पाणी वळल्यावर तासाभरात वर या. 'अजून एक फोटो' करत थांबणाऱ्यांना परतताना गुडघाभर पाण्यातून, न दिसणाऱ्या खड्ड्यांवरून यावं लागतं. इथले बहुतेक मुरगळलेले घोटे असेच मुरगळतात. गाइड घ्या. घेतल्याशिवाय कमान दिसते, पण डबक्यातलं काही दिसत नाही, कारण ते सगळं दगडाच्याच रंगाचं असतं. भाव खाली उतरण्याआधी ठरवा, आणि माणशी की कुटुंबाचा हे स्पष्ट बोलून घ्या. जो गाइड तारामासा उचलून पोराच्या हातावर ठेवतो तो चांगला गाइड नव्हे. बोटाने दाखवणारा निवडा.

पायात काय, हा इथला खरा प्रश्न. इतवारीतून घेतलेली रबरी स्लिपर शेवाळावर पहिल्याच पावलाला दगा देते, आणि बूट ओले होऊन जड होतात. मागे पट्टा असलेली, खाचांच्या तळव्याची फ्लोटर सँडल सगळ्यात बरी. प्रवाळाने कापलं तर जखम छोटी दिसते पण आत बारीक कण राहतात आणि ती चिघळते. ताबडतोब गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा, मग अँटिसेप्टिक लावा. वाळूने भरलेल्या पायाला नुसती पट्टी चिकटवून काही होत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि कडेवर मूल असलेल्यांनी टपऱ्यांपाशीच बसावं, त्यात कमीपणा काही नाही.

सीतापूर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जेट्टीपासून पाच-सहा किलोमीटर. सूर्योदयाची जागा. थोड्या पायऱ्या उतरून वाळू, बाजूला चुनखडीचे कडे. समोर उघडा समुद्र असल्याने लाटा जोरकस आणि पाण्यात ओढ असते. इथे पोहू नका, मुलांचा हात सोडू नका. मोठ्या भरतीला वाळूचा पट्टा कड्यापर्यंत आक्रसतो आणि बसायला जागा उरत नाही, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहूनच गजर लावा. सूर्योदय आणि भरती एकाच वेळी असतील तर झोपा, दुसऱ्या दिवशी या. पहाटे टपऱ्या उघडलेल्या नसतात; चहाचा थर्मास आणि पुऱ्या सोबत असतील तर सात वाजेपर्यंतचा हा नाश्ता बेटावरचा सगळ्यात चांगला.

सीतापूरला जाताना लागणारं रामनगर पॅकेजवाल्यांच्या यादीत क्वचितच असतं. दुपारच्या डब्याला हेच घ्या. सावली आहे, गर्दी नाही, कोणी काही विकायला येत नाही. याच कारणाने पाणी, खाणं, स्वच्छतागृह यांची अपेक्षाही ठेवू नका. पाण्याखाली खडक असल्याने पाय ओले करण्यापलीकडे फार काही करता येत नाही. ज्या घरात एकाला पुस्तक, एकाला झोप आणि दोघांना पत्ते हवेत, त्या घराची ही जागा.

कुठेही बसा, चटई टाकण्याआधी दोन गोष्टी बघा. वाळूवर वाळलेल्या समुद्री गवताची आणि पानांची आडवी रेघ दिसते. ती मागच्या भरतीची खूण. तिच्या चार-पाच पावलं मागे बसा, उधाणाच्या दिवसात आणखी मागे. आणि वर बघा: नारळाखाली कधीच नाही. समुद्रमहुआची झाडं किनाऱ्यावर बरीच आहेत, त्यांची सावली दाट आणि निर्धोक. सुती चादर खालून ओली होते, कारण वाळूच्या दोन बोटं खाली ओल असतेच. प्लॅस्टिकची चटई किंवा ताडपत्रीचा तुकडा न्या.

आता डब्याचं. विदर्भातली सहल म्हणजे रोडगे-वांग्याची भाजी किंवा पानगे, म्हणजे चूल आणि गोवऱ्या आल्याच. ते इथे जमणार नाही, किनाऱ्यावर चूल पेटवण्याचा विचारही करू नका. नागपूरहून निघाल्यापासून नीलला टेकेपर्यंत एक रात्र मध्ये जातेच, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत चार दिवस टिकणारा पदार्थ तिथल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरसतो. म्हणून दह्यातले धपाटे, कांदा-कोथिंबीर घातलेलं काहीही, पुडाची वडी हे बाद. तिखटाच्या पुऱ्या चालतात: अर्धा किलो कणीक, वाटीभर बेसन, चार चमचे कडकडीत मोहन, ओवा-तीळ-तिखट-हळद-मीठ, पीठ घट्ट. लहान आकाराच्या पस्तीस-चाळीस होतात, चार माणसांचे दोन नाश्ते. तळल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच डबा बंद. कोमट पुरीची वाफ हाच बुरशीचा पहिला हप्ता. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तम, तिसऱ्या दिवशी भरवसा नाही. कोरडी शेंगदाण्याची चटणी पाव किलो न्या, ती शेवटपर्यंत टिकते आणि तिथल्या डाळ-भातालाही चव देते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका, तेलाच्या प्रमाणामुळे त्या ज्वलनशील धरतात आणि विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात. चिवडा छोट्या पाकिटांत भरा. मोठं पाकीट एकदा उघडलं की तासाभरात मऊ पडतो.

बाकी सगळं नील केंद्राच्या बाजारात मिळतं: केळी, पपई, शहाळी, काकडी, उकडलेली अंडी. शाकाहारी थाळी मिळते, साधी असते. मासे खाणाऱ्यांनी सकाळी जाताना दुपारच्या जेवणाची ऑर्डर देऊन ठेवावी. आयत्या वेळी गेलं की तासभर थांबावं लागतं, कारण तिथे मागणी आल्यावर शिजवायला घेतात. तर्रीची सवय असलेल्या जिभेला बंगाली रस्सा पातळ आणि गुळमट वाटेल. बाप्पा, दोन दिवस चालवून घ्या, नाहीतर सावजी मसाल्याची छोटी पुडी खिशात ठेवा.

पाणी माणशी दीड लिटर अर्ध्या दिवसाला. 'आम्ही ४५ डिग्रीत राहणारे' हा नागपुरी ताठा इथे उतरतो. तिथे पारा तिशीच्या आसपास असतो, पण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. लिंबू, मीठ, साखर सोबत ठेवा. स्टीलच्या बाटल्या न्या, एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर अंदमानात बंदी आहे, आणि डब्याचा कचरा परत हॉटेलवर आणा. किनाऱ्यावर उरलेली पुरी कुत्र्यांना घातली की पुढच्या कुटुंबाच्या डब्यावर ती टोळी थेट चालून जाते, हेही लक्षात ठेवा.

बेटावर फिरायला सायकल, स्कूटर आणि रिक्षा. रस्ता सपाट आणि रहदारी नगण्य, त्यामुळे दहा वर्षांवरच्या मुलांसह सायकल हा उत्तम पर्याय, पण पहाटे आणि संध्याकाळीच. स्कूटर घेताना मूळ परवाना, पेट्रोलचा काटा, ब्रेक आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो. वयस्कर सोबत असतील तर दिवसाची रिक्षा ठरवा आणि 'किती पॉइंट' या भाषेत सौदा करू नका. पॉइंट मोजले की चालक प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं देतो. तास मोजा आणि मध्ये दुपारी हॉटेलवर सोडून पुन्हा न्यायचं बोलून घ्या.

जायचं कसं. नागपूरहून चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलून पोर्ट ब्लेअर. शहराचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचाच. पहिली रात्र तिथेच काढा, कारण उतरल्या दिवशी बोट पकडण्याची शर्यत एका उशिराच्या विमानाने हरते. खासगी बोट हॅडो धक्क्यावरून, दीड तासाच्या आत. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून, दोनेक तास, स्वस्त, पण तिकिटं लवकर संपतात. ओळखपत्र मूळ प्रत. बोट लागत असेल तर उलटी न होण्याची गोळी अर्धा-पाऊण तास आधी आणि पोटात थोडं काही असू द्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उपयोगाची नाही. सरकारी बोटीत डेकवर जाता येतं, क्षितिजाकडे बघत राहिलं की मळमळ कमी होते. खासगी बोटी बंद आणि वातानुकूलित, तिथे मागच्या बाजूची आणि मधली जागा मागा.

परतीची बोट आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, पैसे परत मिळतात, पण विमान थांबत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात म्हणून अनेक घरं मे अखेरची किंवा जूनची सुट्टी अंदमानला देतात. तो सगळ्यात वाईट काळ. मोसमी पाऊस अंदमानात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच पोचतो, म्हणजे नागपूर भाजत असताना तिथे पाऊस, गढूळ पाणी आणि हलणाऱ्या बोटी. उन्हाळी सुट्टीतच जायचं तर परीक्षा संपताच, एप्रिलमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत वादळांचा हंगाम चालू असतो, हवामान खात्याचे इशारे बघत राहावं लागतं. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च, समुद्र शांत आणि नाताळची भाववाढ ओसरलेली.

शेवटचं शंखांचं. नीलच्या वाळूत शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे इतके पडलेले असतात की प्रत्येक मूल खिसा भरतं. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विमानतळावर तपासणीत ते सापडले की बॅग उघडावी लागते, रांग खोळंबते आणि दंडापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय वाळूतला सुंदर शंख बऱ्याचदा रिकामा नसतो, आत संन्यासी खेकडा असतो. रात्री हॉटेलच्या खोलीत तो बॅगेतून चालायला लागतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरांचे खिसे, बादल्या आणि पाण्याच्या बाटल्यांचे तळ तपासा, आणि सापडेल ते भरतीच्या रेषेच्या खाली ठेवून या.